चौथा प्लग

धुळ्यात जब्बारचाचांच्या हाताखालून गेली नाही अशी मोटार नव्हती, पण आता वाकलं की कंबर धरायची. तरी पुष्पावहिनींनी बोलावलं म्हणून ते आले. वहिनींच्या नवऱ्याची, हिलालभाऊंची ती दोन माणसांची, शर्यतीची जुनी गाडी. भाऊ तिच्यात बसल्याबसल्याच गेले, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती परसात उभी होती. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, टाकी कोरडी ठाक. दुपारी रावेरचं गिऱ्हाईक आपलं पेट्रोल घेऊनच येणार होतं.

"झिजलेले प्लग बठ्ठे, चारीच्या चारी बदला, चाचा," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं साचलं होतं. "आज ही गेलीच पाहिजे. मला झोप हवी आहे हो."

"हे प्लग तर माझ्या दातांपेक्षा झिजले असतील, वहिनी."

"तुमचे दात राहिलेत कुठे?" म्हणत त्या चहा टाकायला आत गेल्या.

चाचांनी पहिला प्लग काढला. थंडगार. दुसरा, तिसराही तसाच. चौथ्याला बोट लागलं आणि त्यांनी हात झटकला. लांबचा पल्ला मारून आलेल्या गाडीचा असावा, तसा तो तापला होता.

ऊन लागलं असेल, म्हणून त्यांनी वर पाहिलं. गाडी लिंबाच्या दाट सावलीत होती.

फडक्यात धरून त्यांनी तोही काढला, चारही प्लग फरशीवर ठेवले आणि पायरीवर टेकले. परसात पानही हलत नव्हतं.

आतून वहिनींचा थकलेला आवाज आला, "चाचा, बंद करा हो ती गाडी. रोज रात्रभर चालू असते, दिवसा तरी नको."