काचेपलीकडची दृष्ट

अंतराळ केंद्र दाखवणारा गाइड सगळ्यांना घेऊन पुढे गेला, पण ती काचेपाशीच थांबली. लेक इथंच कामाला होती. दिवाळीलाही घरी आली नव्हती, म्हणून ही न कळवता एकटीच आली होती.

काचेपलीकडे उपग्रहाभोवती सगळेच पांढरे झगे, टोप्या आणि मास्क घातलेले. त्यातली एक पाठमोरी आकृती एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायानं पोटरी खाजवत होती. लेकीची लहानपणापासूनची खोड! तिनं काचेवरून हात फिरवले आणि कानशिलांवर कडकड बोटं मोडली.

तेवढ्यात आकृती वळली. मास्कच्या वर दाट, पुरुषी भुवया होत्या. हात कानशिलांवर असतानाच आई ओशाळली.

तो मात्र काचेजवळ आला आणि डोकं तिच्यापुढे वाकवून थांबला.

"तुझं तरी कोण आहे रे इथं," ती पुटपुटली, आणि पुन्हा सावकाश दहाही बोटं मोडली.