गाऱ्हाण्यातला होकार

टाळ खाली ठेवा बाबांनो, नि जरा पुढे सरका. कीर्तन उभं राहीपर्यंत दोन हजार सहा सालची गोष्ट सांगतो.

मासे विकणाऱ्या पद्मावतीच्या घरात दर पावसात पाणी शिरे. शेवटी तिने दारातच खड्डा खणला, जांभ्याचे तुकडे नि वाळू भरली, वर कर्दळ लावली. पाणी जिरलं. "सगळ्या गल्लीत असे खड्डे करा," म्हणून ती पालिकेत गेली. साहेब जन्माने इथल्याच कट्टा गावचा, पण खुर्चीत बसला की गावची बोली सोडून शुद्ध बोले. "बाई, तुमच्या वस्तीत असली हौस टिकत नाही."

पुढच्या साली तस्सेच खड्डे बंगलेवाल्यांच्या रस्त्याला झाले, नि उरलेलं पाणी पाइपाने पद्मावतीच्या गल्लीत सोडलं. वा रे न्याय! उद्घाटनाचं गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, घालायला मात्र तिचाच दीर गुणाजी लागला. पद्मावती मागे उभी होती. तोंडात आलेली शिवी तिने देवासाठी गिळली.

गुणाजीने नारळ धरला. रीत अशी, की तो एकेक मागणं म्हणणार नि जमलेले सगळे होकार देणार. "बा देवा म्हाराजा, असलो खड्डो पयलो आमच्या वयनीन केल्लो..."

"व्हय म्हाराजा!"

"आता हयचा पाणी तिच्या चुलीत जाता. सायबान ता आठ दिसांत वळवूचा, आमच्या गल्लीत खड्डे करूचे..."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज साहेबाचा. लहानपणापासूनची सवय! बोलून गेला नि जीभ चावली. पण देवापुढे दिलेला शब्द फिरवायची छाती कट्ट्याच्या माणसाला कुठली?

पाणी वळलं, खड्डे झाले, नि सत्कार झाला तो साहेबाचा. तुम्ही मात्र त्या गल्लीतून कोरड्या पायांनी घरी जाल, तेव्हा पद्मावतीची आठवण ठेवा.