फाटकाबाहेरचं शिंगरू

“तिथंच थांबा, मावशी! शिंगरू आत आणू नका!”

डॉक्टर प्रियंका तबेल्यातूनच ओरडली. कमलबाई फाटकाचे गज धरून बाहेर उभी राहिली. तिच्यामागं, लुगड्याच्या धांदोटीनं बांधलेलं महिन्याभराचं शिंगरू मान टाकून उभं होतं. जीपवाल्यानं घेतलं नाही म्हणून दोघं तांड्यापासून उन्हात चालत आली होती.

“पीत न्हाई वो डॉक्टरबाई,” कमलबाई म्हणाली. “गाईचं दिलं, शेळीचं दिलं. बाटली लावली की तोंड फिरवतंय. कालच्यापासनं निस्तं पडून राहिलंय. मायजवळ सोडा त्याला.”

“त्याच्या आईची जखम चिघळलीय. तिच्याजवळ गेलं तर तो रोग त्यालाही लागेल.”

“मंग औषध द्या की.”

औषधच लागू पडत नाही, हे प्रियंकाला कुणाला समजावता येत नव्हतं. गोरेगावच्या रस्त्यावरच्या या घोड्यांच्या दवाखान्यात चार जनावरं होती आणि चौघांच्या जखमांत एकच रोग होता. एक घोडा हा रोग बाहेरून घेऊन आला होता. बाकीच्यांना तो इथंच लागला. कमलबाईच्या घोडीचा तर वरातीत मागचा पाय तारेनं कापला होता, एवढंच. टाके छान बसले आणि मग आतून पिकले. नेहमीची सगळी इंजेक्शनं देऊन झाली. पू हटला नाही. एसटीडीवरून परभणीच्या प्रयोगशाळेला फोन लावून तिनं तपासणीचा निकाल विचारला, तर एकच औषध उरलेलं, आणि तेही इतक्या लहान शिंगराला देण्यासारखं नाही.

एका घोड्याला हात लावला की कोपरापर्यंत धुतल्याशिवाय दुसऱ्याला लावायचा नाही, असं तिनं सगळ्यांना बजावलं होतं. इथला जुना नोकर संतराम तिच्यासमोर हात धुवायचा आणि ती वळली की चौघांच्याही माना त्याच हातानं खाजवायचा. भेटायला आलेले मालक आपल्या घोड्याबरोबर शेजारच्यालाही थोपटून जायचे. बोलून बोलून तिचा घसा बसला होता.

आत घोडी खिंकाळली. शिंगरानं मान वर केली आणि बारीक आवाजात ओ दिली. घोडी दावं ताणून भिंतीवर लाथा घालू लागली.

“बगा, कशी बलावून राहिली,” कमलबाई म्हणाली. “म्या बी लेकरं पाजली, बाई. मायच्या दुधानं कुठं कोनी मरतं का?”

शिंगराच्या बरगड्या प्रियंकाला तिथूनही दिसत होत्या. उपाशी ठेवलं तर ते जाणार होतं. आत सोडलं तरी काही दिवसांनी तेच.

“मी तिचं दूध काढून आणते,” ती म्हणाली. “आईच्या दुधाचा वास आला तर बाटली घेईल. तुम्ही इथंच पाजा. पण आत पाऊल टाकायचं नाही.” मग तिनं संतरामला फाटकाशी उभं केलं. “काका, काहीही झालं तरी दार उघडायचं नाही.”

“व्हय, म्याडम.”

तिनं पातेलं उकळत्या पाण्यातून काढलं, घोडीची कास धुतली. पायावरची पट्टी कासेच्या अगदी जवळ होती, पुवानं पिवळी पडलेली. घोडीनं पान्हा चोरला. प्रियंका तिच्याशी गोड बोलली, मग चिडून बोलली. एक लाथ तिच्या खांद्याशेजारी भिंतीवर बसली. तेवढ्यात बाहेर शिंगरू पुन्हा ओरडलं आणि घोडीला एकदम पान्हा फुटला. पातेलं अर्ध्याच्या वर गेलं. प्रियंकाला हसू आलं. कित्येक दिवसांनी इथं काहीतरी तिच्या मनासारखं होत होतं.

पातेलं झाकून ती मागच्या हापशावर गेली. एप्रन काढला. घाई करायची नाही, तिनं स्वतःला बजावलं. घोडीचं काही आपल्या अंगावरून शिंगराकडं न्यायचं नाही. कोपरापर्यंत साबण चोळला, नखं घासली, धुतली, पुन्हा साबण लावला. घोडीचं खिंकाळणं थांबलं होतं. बरं झालं, शांत झाली, असं तिला वाटलं.

दूध घेऊन ती पुढं आली तर फाटक सताड उघडं होतं.

तबेल्यात शिंगरू आईच्या पोटाखाली शिरून पीत होतं. शेपटी नुसती उडत होती. घोडी मान वळवून त्याची पाठ चाटत होती. पिता पिता ते ढुशा देई, आणि दर ढुशीला त्याचं नाक त्या पट्टीवर घासलं जाई. पट्टी सुटून लोंबायला लागली होती. कमलबाई पदरानं डोळे पुसत होती.

“बगवंना वो, म्याडम,” संतराम म्हणाला. त्याचेही डोळे ओले होते. “लेकरू तडफडून राहिलं व्हतं. आता बगा कसं पितंय!”

“लई उपकार झाले, बाई,” कमलबाईनं प्रियंकाला हात जोडले. डॉक्टरबाईनंच मन बदलून दार उघडायला सांगितलं, असं तिला वाटत होतं.

प्रियंकाला ओरडायचं होतं. पण शिंगराला ओढून काढण्यात आता काही अर्थ नव्हता; पू त्याच्या नाकातोंडाला लागला होता. तिनं हातातलं दूध खाली ठेवलं.

“काका,” ती म्हणाली, “शेवटचा खण झाडून घ्या. चुना टाका. वर कोरडं गवत पसरा.”

संतराम अजून शिंगराकडंच बघत होता, हसत.

“कोनाचं घोडं येऊन राहिलं, म्याडम?”