नावाडी

हा खेळातला पत्ता बलवान कशाने, हे समजल्याखेरीज तो या घराबाहेर जाणार नाही, असे आनंदीबाईंनी शंभूला बजावले.

शंभू हा त्यांच्या मुलाचा, गुरुदासचा, कॉलेजातला मित्र. रविवारी पणजीत त्यांच्या खेळाची स्पर्धा होती आणि त्याला गुरुदासचा एक पत्ता हवा होता. मागायला तो गुरुदासचे तेरावे उरकेपर्यंत थांबला, हे बाईंना आवडले होते. परंतु न जाणता वस्तू देणे हे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. त्यांनी चटई अंथरायला लावली आणि मुलाचा पत्त्यांचा डबा स्वतःच्या पुढ्यात ओढून घेतला.

दीपा चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्या दिवशी भावाच्या स्कूटरवर मागे तीच बसली होती. साखळीच्या रस्त्यावर खनिजाचा ट्रक अंगावर आला. गुरुदास गेला, दीपाचे कोपर खरचटले. तेव्हापासून आई तिच्याशी कामापुरते बोलत असे. का, हे विचारण्याचे धैर्य दीपाला होत नव्हते. उत्तर आपल्याला ठाऊक आहे, असे तिला वाटत असे.

शंभूने समजावून सांगितले. प्रत्येक पत्त्यावर चित्र असते आणि त्याची ताकद लिहिलेली असते. ज्याने त्याने आपापले पत्ते जमवायचे आणि लढवायचे. हरलेला पत्ता कडेच्या ढिगावर उलटा पडतो. त्या ढिगाला इंग्रजीत भारदस्त नाव होते, पण डिचोलीची मुले त्याला मसण म्हणत.

मग त्याने तो पत्ता काढला. वल्हे धरलेला एक वाकलेला म्हातारा.

आनंदीबाईंनी पत्ता डोळ्यांजवळ नेला. याच्या अंगात तर काहीच दिसत नाही, असे त्या म्हणाल्या.

"लढूची ताकद हेच्यात नाय, काकी," शंभू म्हणाला. "पण मसणात गेलेल्या एकाक हो परत हाडता."

बाईंचा हात चटईवर टेकला.

"कोणाक हाडूचो, ता कोण ठरवता?"

"खेळता तोच."

फुकट कोणी कोणाला आणत नाही, हे आनंदीबाईंना वयाने शिकवले होते. त्यांनी मोबदला विचारला. आपल्याकडचा एक जिवंत पत्ता त्या ढिगावर ठेवावा लागतो, असे शंभूने सांगितले, आणि बोलून सांगण्यापेक्षा दाखवणे बरे म्हणून गुरुदासने जिंकलेला शेवटचा डाव त्याने आठवणीने मांडला. कडेला ढीग. बाईंच्या समोर दोनच पत्ते: नावाडी, आणि हातात दिवा घेतलेली एक लहानखुरी मुलगी. या मुलीला गुरुदास दीपा म्हणायचा, हे सांगताना शंभूला हसू आले. ढिगातला घोडेस्वार म्हणजे गुरुदास स्वतः.

"माका तो दर खेपेक मसणात देयचो," दीपा दारातून म्हणाली. "आणि जिंकान इलंय म्हणान माकाच येवन सांगायचो."

शंभू हसला. आनंदीबाई हसल्या नाहीत. त्यांनी ढीग उलटला, एकेक पत्ता पाहिला आणि घोडेस्वार सापडताच तो उचलून आपल्या बाजूला ठेवला. त्यासाठी त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. दीपाने ते पाहिले.

आता मुलगी ढिगावर ठेवायची, असे शंभूने सुचवले. नावाड्याला स्वतःला देता येत नाही, त्यामुळे निवड करण्याचा प्रश्नच उरत नव्हता.

आनंदीबाईंचे बोट दिवा घेतलेल्या मुलीवर होते. ते तिथून हलेना. त्यांनी मान वर न करता विचारले,

"खेळणाऱ्याक स्वताक दिवक येता काय रे?"

शंभूला प्रश्न नीट उमगला नाही. त्याने नियम आठवून पाहिला.

"खेळणारो पत्त्यांत नसता, काकी."

दीपाने कप खाली ठेवले. ती येऊन आईच्या समोर बसली. चटईवर तो पत्ता होता, त्यावर आईचे बोट होते.

"सोड, आई. मी ठेवतंय."

तिने पत्त्याचे टोक धरले आणि ओढले. पत्ता आला नाही. आनंदीबाईंनी बोटाखाली तो असा दाबून धरला होता की नखाची कड पांढरी पडली होती. दीपाने पुन्हा ओढले. मग तिने आईच्या तोंडाकडे पाहिले आणि हात मागे घेतला.

शंभू अवघडला. नियमाप्रमाणे एक आला की एक जायलाच हवा, असे तो हळू आवाजात म्हणाला. दोघांना एकदम आपल्याकडे ठेवता येत नाही.

"ता माका कळला," आनंदीबाई म्हणाल्या.

डावा हात मुलीवरून न काढता त्यांनी उजव्या हाताने घोडेस्वार उचलला. त्याचे चित्र त्यांनी एकवार पाहिले. त्यांच्या घराण्यात प्रेतामागे बायका अंगणाच्या पायरीपुढे जात नसत. पुरुष खांदा देऊन नदीकडे निघत आणि बायकांनी मागे वळून घर धुवायला घ्यायचे असे. गुरुदासच्या वेळीही तसेच झाले होते.

त्यांनी पत्ता उलटा केला, ढिगावर ठेवला, आणि वर तळहात ठेवला. पत्ते गोळा करायला शंभू थांबून राहिला. तो हात काही उचलला जाईना.