नव्या रस्त्यावरच्या मेणबत्त्या

सहासष्ट सालच्या नोव्हेंबरात, दिवस मावळता मावळता, विजयकर वकील मतं मागायला अंधेरीच्या एका गावठाणात शिरले. आधी सचिवालयात अर्थखात्यात, मग सरकारी वकील. आमदारकीला आपल्याहून लायक कोण, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

चर्चमागच्या नव्या रस्त्यावर वळले आणि थबकलेच. पार टोकापर्यंत डांबरावर मेणबत्त्या तेवत होत्या, मधूनमधून झेंडूची फुलं होती आणि अख्खं गाव गप्प उभं होतं. एवढं स्वागत बघून त्यांचा ऊर भरून आला.

"या रस्त्याचा पैसा मीच मंजूर करून घेतला," रस्त्याच्या मधोमध उभं राहून ते म्हणाले. "तुम्ही जागा सोडत नव्हता, तेव्हा कोर्टात सरकारची बाजूही मीच मांडली, आणि जिंकलो."

टाळी काही वाजली नाही. म्हातारी सेराफिना तेवढी हातात मेणबत्ती घेऊन पुढे आली आणि त्यांच्या पायाशी वाकली.

"अहो आजी, पाया कसल्या पडता," वकील ओशाळून म्हणाले.



"पाय बाजूला घे, बाबा. तुझ्या बुटाखाली माझा घरवाला झोपलाय."