सख्खी बहीण

दोघी मांजरी सख्ख्या बहिणी, सारख्याच काळ्याकुट्ट. पण नसबंदीचं ऑपरेशन करून धाकटीला घरी आणलं, तर थोरली अशी फिसकारली की थेट कपाटावर जाऊन बसली.

"अगं, दवाखान्याचा वास येतोय तिला, दुसरं काय!" आईने थोरलीलाच दटावलं.

धाकटी पोटाला हात लावू देईना, पाण्याला तोंड लावेना. लेक औषध पाजायला गेली, तर तिच्या बोटाला कडकडून चावली.

"भुलीचा अंमल आहे गं, उतरेल," म्हणत आईने बोटाला पट्टी बांधली. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला.



"ताई, पिंजऱ्यांची अदलाबदल झालीय, तुमची मांजर इथेच आहे. तुम्ही नेलेली पिसाळल्याच्या संशयावरून वेगळी ठेवली होती... चावली नाही ना कुणाला?"