शेगडी

सासूने बाजेखालची शेगडी ओढून बाहेर काढली, तेव्हा चंद्रकलाला बाळंत होऊन पाचच दिवस झाले होते. मूल मेलेलंच जन्मलं होतं.

“आत्याबाई, अंग अजून ठणकतंय माझं.”

“लेकरूच नाही, तर शेक कशाला? बाहेर गवतावरचं दंव गोठलंय. कालच पिल्लं निघालीत, निदान ती तरी जगू देत.”

सासू शेगडी घेऊन परसातल्या खुराड्याकडे निघाली, तेव्हा कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, “अहो, कोंबडीला कशाला हवी शेगडी? देवाने पिसं दिलीत की तिला.” सासूने ते या कानाने ऐकलं नि त्या कानाने सोडलं. निखारे फुलवून तिने शेगडी खुराड्यात ठेवली आणि दारावर गोणपाट सोडलं.

घटकाभरात चंद्रकलाला हुडहुडी भरली. अंगावर दोन गोधड्या घेऊनही दातावर दात आपटायचे थांबेनात. शेवटी ती भिंत धरत परसात गेली आणि गोणपाट सारून वाकून खुराड्यात शिरली.

शेगडी एकटीच धगधगत होती. कोंबडी तिच्याकडे पाठ करून पार पलीकडच्या कोपऱ्यात बसली होती, आणि अकराच्या अकरा पिल्लं तिच्या पंखांखाली होती.

चंद्रकलाची चोळी दुधाने भिजून गार पडली होती. ती तिथेच खाली बसली आणि तिने निखाऱ्यांवर हात धरले.

मागून गोणपाट हललं. सासू दारात वाकून उभी होती.

“बाहेर ये आधी,” ती अगदी हळू आवाजात म्हणाली. “कोंबडी बुजली, तर पिल्लं टाकून देईल.”